‘फान’ : डोक्याला ताप

मराठीत एखाद्या कामाचा किंवा माणसाचा वैताग आला की ‘डोक्याला ताप’ म्हणतात. चिनी लिपीत हेच दोन शब्द एका अक्षरात शेजारी बसवलेले आहेत. डावीकडे आग, उजवीकडे डोके. या अक्षराचा उच्चार ‘फान’, तोही खालून वर चढणाऱ्या सुरात. अर्थ वैताग, कटकट, जाच, जिवाची तगमग. मराठीने हा प्रयोग चिनीकडून घेतलेला नाही आणि चिनीनेही मराठीकडून उचललेला नाही. वैतागलेल्या माणसाचे कपाळ दोन्हीकडे सारखेच तापते, एवढेच.

पण ‘फान म्हणजे वैताग’ एवढी नोंद वहीत करून विद्यार्थी पुढे गेला, तर चीनमधल्या पहिल्याच दुकानात त्याची पंचाईत होते. समोरचा माणूस हसतमुखाने, अदबीने बोलत असतो आणि त्याच्या बोलण्यात ‘फान’ ऐकू येत असते. वाट मागताना, पत्ता विचारताना, फोनवर कोणाला बोलवायला सांगताना, आभार मानताना हेच अक्षर तोंडी येते. एका शारीरिक तक्रारीपासून निघालेले हे अक्षर धर्मग्रंथांतून फिरून रोजच्या विनंतीपर्यंत येऊन पोहोचले आहे. एकट्या अक्षराचा अर्थ पाठ करण्यापेक्षा त्याचा हा प्रवास आणि त्याच्या सोबतीचे शब्द माहीत असणे जास्त उपयोगाचे.

आधी त्याचे रूप पाहू. आग या अर्थाचे अक्षर स्वतंत्र लिहिले तर त्याचा उच्चार ‘ह्वो’ आणि फराटे चार. दोन पाय फाकून उभ्या असलेल्या माणसासारखा आकार आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक ठिणगी. ‘फान’मध्ये ही आग अंग चोरून डावीकडे उभी राहते, आणि तिचा उजवा पाय शेजाऱ्याला लागू नये म्हणून आखडून टिंबाएवढा होतो. लिहिण्याचा क्रम ठरलेला आहे : डावे टिंब, उजवीकडची आखूड तिरकी रेघ, मग वरून डावीकडे उतरणारी लांब रेघ, शेवटी खालचे टिंब. म्हणजे ठिणग्या आधी, अंग नंतर.

आगीचा हा घटक दिवा, धूर, कोळसा, परतणे, भाजणे अशा अक्षरांत डावीकडेच असतो. काही अक्षरांत मात्र तो तळाशी जातो आणि तिथे चार टिंबांची ओळ होतो, जणू भांड्याखालचे निखारे. उष्णता आणि शिजवणे ही अक्षरे तशी आहेत. तीच चार टिंबे घेतलेले ‘च्याव’ हे अक्षर करपलेल्या पदार्थालाही लागते आणि काळजीने जीव कासावीस झालेल्या माणसालाही. ‘आव’ म्हणजे मंद आचेवर उकळत ठेवणे आणि मुकाट्याने सोसत राहणेही. चिनी भाषेतल्या मनस्तापाचा बराच भाग असा स्वयंपाकघरातून आलेला आहे. मराठीतही माणूस धुमसतो, त्याचा जीव करपतो, ‘मनस्ताप’ या शब्दातच ताप आहे. त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला ही अक्षरे परकी वाटू नयेत.

उजव्या भागाची कथा जास्त गुंतागुंतीची आहे. त्याचा आजचा उच्चार ‘ये’ आणि आजचा अर्थ पुस्तकाचे पान. नवशिक्याची फसगत इथेच होते. आग आणि पान जोडून तो ‘वैताग येऊन पुस्तकाचे पान पेटवून दिले’ अशी आठवणीची खूण बांधतो. खूण पक्की बसते, परीक्षेपुरती चालतेही, पण तिचा अक्षराच्या जन्माशी काही संबंध नाही. कासवांच्या कवचांवर आणि जनावरांच्या हाडांवर कोरलेल्या सर्वांत जुन्या चिनी लेखांत हा घटक म्हणजे गुडघे टेकून बसलेला माणूस, आणि त्याचे डोके धडाच्या मानाने भलेमोठे. त्याचा मूळ अर्थ डोके. म्हणून कपाळ, मान, माथा, चेहऱ्याचा रंग या शब्दांच्या अक्षरांत तो आजही उजवीकडे उभा दिसतो. पुस्तकाचे पान हा अर्थ त्याला निव्वळ उच्चारामुळे चिकटला. झाडाचे पान म्हणजेही ‘ये’. जुन्या ग्रंथांत पृष्ठासाठी झाडाच्या पानाचेच अक्षर लिहीत. पुढे त्याच्या जागी समान उच्चाराचे हे डोक्याचे अक्षर आले. मराठीत झाडाला आणि पुस्तकाला एकच ‘पान’ पुरते, त्यामुळे ही उसनवारी इथल्या वाचकाला चटकन उमगते.

मूळ अक्षरात तेरा फराटे होते : आगीचे चार, डोक्याचे नऊ. 1956 मध्ये चीन सरकारने लिपी सोपी करण्याची योजना जाहीर केली आणि 1964 मध्ये सुलभ अक्षरांची सविस्तर यादी निघाली. त्या बदलात डोक्याचे नऊ फराटे सहावर आले आणि पूर्ण अक्षर दहा फराट्यांचे झाले. जुन्या रूपात वरच्या झाकणाखाली आत दोन आडव्या रेघांची बंद चौकट होती, डोळ्याच्या अक्षरासारखी, आणि तिच्याखाली दोन आखूड पाय. नव्या रूपात चौकट आतून रिकामी झाली, खालून उघडी पडली आणि पाय थेट तिच्या पोटात शिरले. त्यामुळे शिंपल्याच्या अक्षराशी त्याचे साम्य वाढले. दोघांत फरक आहे तो माथ्यावरची आडवी रेघ आणि तिला लटकणारी छोटी तिरकी रेघ यांचा; ते झाकण विसरले की डोक्याचा शिंपला होतो. गंमत म्हणजे खुद्द डोक्याचे अक्षर, ‘थोऊ’, या सुधारणेत आपल्यातला डोक्याचा घटक गमावून बसले. ‘फान’ने तो निदान बारीक करून तरी जपला. चीन, सिंगापूर आणि मलेशियात दहा फराट्यांचे रूप चालते. तैवान, हाँगकाँग आणि मकावमध्ये तेरा फराट्यांचे. दोन्ही ओळखता यावीत, लिहिताना एकच धरावे.

अक्षर कोशात कुठे शोधायचे, हा प्रश्न चिनीत साधा नसतो. श्यू शन या पंडिताने इसवी सन 100 मध्ये पूर्ण केलेला आणि 121 मध्ये सम्राटाला सादर झालेला कोश हा चिनी अक्षरांची घटकांवरून फोड करणारा पहिला मोठा ग्रंथ. त्यात 9,353 अक्षरे 540 शीर्षखुणांखाली लावलेली आहेत. ‘फान’ तिथे डोक्याच्या खुणेखाली येते आणि अर्थ दिला आहे तो उष्णतेने होणाऱ्या डोकेदुखीचा. वैताग नाही, कंटाळा नाही, साधी शारीरिक व्यथा. श्यू शनने जोडीला दुसरे एक मतही नोंदवले आहे : इथली आग ही ‘फन’, म्हणजे जाळणे, या अक्षराचा उरलेला तुकडा असून ती अर्थासाठी नव्हे, उच्चारासाठी आली आहे. ‘फन’च्या अक्षरात दोन झाडांखाली आग असते, झाडे काढली की नुसती आग राहते. बहुसंख्य चिनी अक्षरांत एक भाग अर्थ सांगतो आणि दुसरा उच्चार सुचवतो, हे लक्षात घेता हे मत उडवून लावण्यासारखे नाही. सोळा शतकांनंतर, 1716 मध्ये, खांगशी सम्राटाच्या आज्ञेने झालेल्या कोशात शीर्षखुणा 214 वर आल्या आणि ‘फान’ डोक्याकडून निघून आगीच्या खुणेखाली गेले. आजचे कोशही त्याला तिथेच ठेवतात. विद्यार्थ्याने आगीखाली शोधावे.

उच्चारात मराठी जिभेला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मराठीतला ‘फळ’मधला फ दोन्ही ओठ मिटून, हवेचा झोत सोडून निघतो. ‘फान’चा फ तसा नाही, खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून तो काढायचा, ‘ऑफिस’ किंवा ‘फी’ म्हणताना अनेक जण काढतात तसा. दुसरी गोष्ट सुराची. प्रमाण चिनीत चार सूर आहेत आणि सूर बदलला की शब्द बदलतो. उंच, सपाट सुरात ‘फान’ म्हणजे उलटणे, पाने चाळणे. चढत्या सुरात वैताग. खाली दबून वर येणाऱ्या सुरात विरुद्ध, उलट. धाडकन उतरणाऱ्या सुरात भात, जेवण. नीट न ऐकलेल्या गोष्टीवर मराठी माणूस ‘अं?’ करतो, तेव्हा आवाज जसा वर जातो, तसा तो ‘फान’मध्ये न्यायचा. तो खाली पडला तर ‘मी वैतागलोय’च्या जागी ‘मी भात’ असे काहीतरी होते, आणि ऐकणारा गोंधळून जेवणाचे विचारतो.

डोकेदुखीपासून वैतागापर्यंतचा पल्ला या अक्षराने वैद्यकाच्या आधाराने गाठला. पूर्व हान काळाच्या अखेरीस, दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या संधीवर, चांग चुंगचिंग या वैद्याने तापाच्या विकारांवर ग्रंथ लिहिला. चिनी वैद्यकात त्याचे स्थान आपल्याकडे चरक-सुश्रुतांचे असते तसे. त्यात ‘फान’ वारंवार येते आणि जागा डोक्याची न राहता छातीची होते : आत साठलेली उष्णता, काहिली, झोप न येणे, अंथरुणात या कुशीवरून त्या कुशीवर होणे. अशा रुग्णासाठी तिथे दोनच द्रव्यांचा काढा सांगितला आहे, अनंताची फळे आणि आंबवलेले सोयाबीन. पुढे वैद्यांनी ‘फान’ आणि ‘त्साव’ अशी विभागणी केली. ‘फान’ आतली तगमग, ‘त्साव’ हातापायांची चुळबूळ. ‘त्साव’च्या अक्षरात पायाचा घटक आहे, त्यामुळे आग आणि पाय अशी ही जोडी लक्षात राहते. दोन्ही मिळून झालेला ‘फान-त्साव’ आजही चिडचिडेपणासाठी रोजच्या बोलण्यात आहे. आतून तापलेला माणूस एका जागी बसत नाही, हे निरीक्षण त्या एका शब्दात मुरले आहे.

यानंतर या अक्षराची गाठ भारताशी पडली. बौद्ध ग्रंथ चिनीत आणताना अनुवादकांपुढे ‘क्लेश’ हा शब्द होता. तो साधा त्रास नव्हे. मनाला मळवणारी, बांधून ठेवणारी वृत्ती. पतंजलीच्या योगसूत्रांतले पाच क्लेश मराठी वाचकाला ऐकून माहीत असतात. बौद्धांनी त्यांची मांडणी वेगळी केली आहे. चिनी अनुवादकांनी ‘क्लेश’साठी ‘फान’ला ‘नाव’ जोडले. ‘नाव’मध्ये हृदयाचा घटक आहे आणि अर्थ रागावणे, सलणे. डोक्यातली आग आणि हृदयातला सल मिळून ‘फान-नाव’. कुमारजीवाने पाचव्या शतकाच्या आरंभी केलेल्या अनुवादांत हा शब्द आहे. सातव्या शतकात ह्युएन त्संग आपल्या सोळा-सतरा वर्षांच्या प्रवासात भारतात राहिला, 641 च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, म्हणजे महाराष्ट्रातही येऊन गेला आणि 645 मध्ये चांगआनला परतला. डोंगरातल्या एका विहाराचे त्याने केलेले वर्णन अजिंठ्याचे असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. परतल्यावर त्याने केलेल्या प्रचंड अनुवादकार्यात वसुबंधूचा अभिधर्मकोश होता, आणि विज्ञानवाद या बौद्ध पंथाच्या ग्रंथांतली क्लेशांची वर्गवारी होती : मुळातले सहा आणि त्यांच्यामागून येणारे वीस. राग, प्रतिघ, मोह, मान, विचिकित्सा, दृष्टी या सहांना मिळून नाव एकच, ‘फान-नाव’.

ज्याला आधी अनंताच्या फळांचा काढा पुरत होता, त्याला आता ध्यानधारणा लागू लागली. पण शब्द मठात कोंडून राहिला नाही. आज शाळकरी मुलाला गणिताच्या गुणांची असते ती काळजीही ‘फान-नाव’च. डोक्यावरच्या केसांना चिनीत गमतीने ‘फान-नावचे तीन हजार धागे’ म्हणतात. भिक्षू मुंडण करतो तेव्हा ते धागे कापून टाकतो, अशी त्यामागची कल्पना. जपानमध्ये या शब्दाचा उच्चार ‘बोन्नो’ झाला. तिथे 31 डिसेंबरच्या रात्री देवळांत घंटेचे 108 टोले पडतात, ते 108 क्लेशांचे. व्हिएतनामीत तो ‘फियेन-नाव’ आहे, कोरियनमध्ये ‘पन्-न्वे’. तैवानी बोलीत ‘होआन-लो’ म्हणजे सरळ चिंता. ‘क्लेश’ त्या बोलीत आईच्या तोंडी आला आहे.

विसाव्या शतकात नव्या साहित्याने हा शब्द पुन्हा उचलला. क्वो मोर्वो याने 1922 मध्ये गटेची ‘वेर्थर’ ही कादंबरी चिनीत आणली तेव्हा शीर्षकात ‘फान-नाव’ ठेवले, आणि प्रेमभंगाने पोळलेल्या जर्मन तरुणाला बौद्ध शब्द मिळाला. 1987 मध्ये छ्र ली या लेखिकेने वूहानच्या पोलाद कारखान्यातल्या एका कामगाराचा एक दिवस लिहिला. संडासाची रांग, बस, यांगत्से ओलांडणारी होडी, पोराची बालवाडी. शीर्षकाचा अर्थ ‘फान-नावचे आयुष्य’. त्याच वर्षी हायडेगरच्या ‘सत्ता आणि काल’ या ग्रंथाचा चिनी अनुवाद प्रसिद्ध झाला आणि त्यातल्या ‘झोर्ग’, म्हणजे काळजी, या मध्यवर्ती संकल्पनेसाठी अनुवादकांनी नुसते ‘फान’ योजले. सुधारलेल्या आवृत्तीत तो शब्द बदलला गेला. ‘फान’ला बौद्ध ओझे फार आहे, जर्मन काळजी त्यात पूर्ण मावत नाही. निवड टिकली नाही तरी अक्षराची पोच तीतून कळते.

रोजच्या बोलण्यात ‘फान’ एकटे येते तेव्हा ते विशेषणही असते आणि क्रियापदही. ‘चन फान’ म्हणजे ‘काय कटकट आहे!’ ‘फान स्स ल’ शब्दशः ‘फानने मेलो’. मराठीतला ‘जीव गेला या कटकटीने’ त्याच्या अगदी जवळ. ‘फान-रन’ म्हणजे माणसाला वैताग आणणारा, मग तो डास असो की पाहुणा. क्रियापद झाल्यावर मात्र सावध राहावे लागते. ‘वो फान था’ या वाक्यात कर्ता मी, कर्म तो; पण अर्थ ‘मी त्याला त्रास देतो’ असा होत नाही. अर्थ होतो ‘मला त्याचा वैताग येतो’. उलट ‘प्ये फान था’ म्हटले की ‘त्याला त्रास देऊ नकोस’. शब्द तोच, क्रम तोच, आणि ताप एकदा बोलणाऱ्याच्या डोक्याला तर एकदा समोरच्याच्या. मराठीत ‘त्याचा वैताग येतो’ आणि ‘त्याला वैताग देतो’ हा भेद प्रत्यय आणि क्रियापद करतात. चिनीत तो प्रसंगावरून ओळखावा लागतो. नियम शोधत बसण्यापेक्षा अशी दहा वाक्ये तोंडात बसवणे बरे.

आता तो दुकानातला सौजन्याचा शब्द. ‘माफान’मध्ये दुसरे अक्षर आपला चढता सूर सोडून हलके, आखूड उच्चारले जाते, जोर सगळा ‘मा’वर. हा ‘मा’ म्हणजे ताग, अंबाडीसारखी धाग्याची वनस्पती. बधिरपणा, मुंग्या येणे हाही त्याचा अर्थ आहे, आणि मनाचा गुंता झाला की तो तागाच्या गुंत्यासारखा असल्याचे चिनीत सांगतात. ‘माफान’ नाम म्हणून लफडे, झंझट : कोणी ते ओढवून घेतो, कोणी मुद्दाम शोधत जातो. विशेषण म्हणून ते किचकट कामाला लागते. आणि क्रियापद झाले की विनंती होते. ‘माफान नीन’ म्हणजे ‘आपल्याला जरा त्रास देतो’. गर्दीत वाट काढताना, रिक्षावाल्याला थांबायला सांगताना, शेजाऱ्याकडे किल्ली ठेवताना ते आधी येते आणि काम नंतर. काम झाल्यावर ‘फार माफान दिला तुम्हाला’ हे आभार, आणि ‘काही माफान नाही’ हे उत्तर. मराठीतली ‘तसदी’ हेच करते : जरा तसदी घ्याल का, तसदीबद्दल क्षमस्व. तसदी आता अर्जात आणि सूचनाफलकावर जास्त दिसते. ‘माफान’ मात्र रस्त्यावर जिवंत आहे. पत्रात आणि कार्यालयीन लेखनात अदब वाढवायची असेल तर ‘फान-छिंग’ लिहितात, म्हणजे ‘तसदी घेऊन कृपया’.

जवळच्या माणसाला मात्र फार ‘माफान’ करू नये. सख्ख्या मित्राला पाणी मागताना दर वेळी ‘तसदी देतो’ म्हटले तर तो मराठीतही विचारेल, काय झालं, रागावलास का? चिनीतही तेच.

सहनशक्तीसाठी ‘नाय-फान’ असा शब्द आहे. ‘नाय’ म्हणजे सोसणे. कटकट सोसण्याची ताकद. पण तो सरळ रूपात क्वचित ऐकू येतो. नेहमी येतो तो नकारासह, ‘पू-नाय-फान’ : धीर सुटला, माणूस उतावळा झाला, उत्तर तुटक देऊ लागला. सरळ रूप जपले ते हुनानच्या शन त्सुंगवन (1902–1988) या कथाकाराने. त्याचा विद्यार्थी वांग त्संगछी याने लिहून ठेवले आहे की हा शब्द गुरूच्या तोंडी नेहमी असे. आपण प्रतिभावंत नाही, फक्त ‘नाय-फान’ आहोत, असे तो स्वतःबद्दल सांगे. कोशात नकाराशिवाय अडगळीत पडलेला शब्द एका लेखकाने प्रशंसा म्हणून वापरला.

लिहिताना शेवटची अडचण समोच्चारी अक्षरांची. चढत्या सुराचेच आणखी एक ‘फान’ आहे, अर्थ पुष्कळ, गजबजलेले, गुंतागुंतीचे. जुन्या, जास्त फराट्यांच्या अक्षरांना चिनीत ‘फान-थी’ म्हणतात ते हेच. त्यात सुताचा घटक आहे, आग नाही. ‘फान-स्वो’, म्हणजे किचकट, हा शब्द तर दोन्ही अक्षरांनी लिहिलेला आढळतो : आगीचे घेतले तर कामाचा वैताग पुढे येतो, सुताचे घेतले तर कामाचे बारकावे. ‘माफान’ला मात्र फक्त आगीचेच. मोबाइलवर एकटे ‘फान’ टाइप केले की भात, उलट, उलटणे, साधारण, शीड अशी अक्षरांची रांग समोर येते आणि तीतून आगीचे निवडावे लागते. ‘माफान’ किंवा ‘फान-नाव’ असा पूर्ण शब्द एकदम टाइप केला तर बरोबर अक्षर आपोआप पहिले येते.